माठातला रेडिओ

नागसेन मेश्रामांनी नोकरीभर फुगे सोडले. यावर कोणी हसलं तर त्याला बोल लावण्यात अर्थ नाही, पहिल्यांदा ऐकणारा हसतोच. पण हे जत्रेतले फुगे नव्हते, बाप्पा. वेधशाळेत रोज पहाटे आणि रोज दुपार कलल्यावर माणसाहून मोठा एक पांढरा फुगा आभाळात सोडतात. त्याच्या दोरीला आधी एक लहान पॅराशूट आणि त्याखाली थर्माकोलची हलकी पेटी. फुगा विमानांच्याही वर जातो, आणि पेटीतलं यंत्र तिथली थंडी, तिथली ओल, तिथला वारा रेडिओनं खाली सांगत राहतं. मग कधीतरी फुगा फुटतो आणि पेटी पॅराशूटला लटकून कुठेतरी उतरते. कुठे, ते पाहायला कोणी जात नाही. खात्याला जे हवं ते तोवर मिळालेलं असतं.

नागसेन तिथे मेकॅनिक होते. गॅस भरायचा, यंत्र तपासायचं, दोरी बांधायची, वाऱ्याचा अंदाज घ्यायचा आणि हात सोडायचा. दोरीची गाठ मात्र त्यांची स्वतःची होती. बाप गिरणीत विणकर, सूत तुटलं की न बघता जोडणारा; त्यानं पोराला विणकरी गाठ शिकवली. चपटी, बारीक, आणि तिची दोन्ही टोकं एकाच बाजूला वळलेली. एकदा बसली की बसली. वेधशाळेतले बाकीचे लोक आपली साधी गाठ मारत. नागसेन घरीसुद्धा कूलरच्या पाइपापासून मच्छरदाणीपर्यंत सगळं याच गाठीनं बांधत, आणि त्यांच्या पत्नी जयवंताबाई ती सोडवता सोडवता नखं मोडून घेत. शेवटी कात्रीच लागायची.

जयवंताबाईंचं माहेर खाप्याचं. कन्हान नदीच्या काठाला त्यांच्या मोठ्या भावाचा संत्र्याचा बगीचा. भावाला सगळे भैय्याजी म्हणत, बहीणसुद्धा. माणूस दिलदार, पण जिभेला हाड नाही. लग्नाच्या मांडवात कोणीतरी विचारलं, की जवाई काय काम करते. भैय्याजींनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की सरकारचे फुगे फुगवते. मांडव हसला. तेव्हापासून खाप्यात नागसेनांचं नाव पडलं ते पडलंच, फुगेवाले जवाई.

हसली नाही ती एकटी सासू, तुळसाबाई. तिनं जेवताना वाढता वाढता हळूच विचारलं होतं, "जवाईबापू, मंग तो फुगा पडते कुठी?"

नागसेन म्हणाले, माहीत नाही, कोणी पाहायला जात नाही. तुळसाबाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, इतकी मेहनत करायची आन् पाहाचं बी नाई, हे काही बरोबर नाही. ही बाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण तिचा प्रश्न नागसेनांच्या मानेवर बसून राहिला होता.

जावयाचा रुसवा हा काही लहान प्रकार नसतो. नागसेन खाप्याला जात, लग्नाला, नामकरणाला, बुद्धपौर्णिमेला. ओसरीवर बसत, जेवत, आणि परत येत. भैय्याजी दर वेळी म्हणत, चला, बगीचा पाहून या. नागसेन दर वेळी म्हणत, पुढच्या खेपेला. फुगेवाला म्हणणाऱ्याच्या बगीच्यात पाय ठेवायचा नाही, असं त्यांनी मनाशी धरलेलं होतं, आणि हे कोणालाही सांगितलेलं नव्हतं. शिवाय भैय्याजींच्या बगीच्यातल्या गोष्टींवर विश्वास कोणी ठेवायचा? तिथे म्हणे वाघ येऊन हौदातलं पाणी पिऊन गेला. तिथे म्हणे नारळाएवढं संत्रं लागलं. तिथे म्हणे विमानातून सामान पडलं आणि भैय्याजींनी ते लटकवून ठेवलं. नागसेन या सगळ्याला एकाच मापानं मोजत.

निवृत्तीच्या दिवशी वेधशाळेत छोटासा समारंभ झाला. साहेबांनी हार घातला, बोलले, की मेश्रामांनी हजारो फुगे सोडले, एकही वाया गेला नाही. भैय्याजी पहिल्या रांगेत फेटा बांधून बसले होते. चहाच्या वेळी त्यांनी नागसेनांच्या पाठीवर थाप मारली आणि हसत हसत म्हणाले, "सोडले ते खरं हाय जवाईबापू. पर एक तरी वापस आला काय?"

चेष्टाच होती ती. पण नागसेनांना ती लागली, आणि अशी लागली की हार गळ्यात जड झाला. घरी येऊन त्यांनी तो खुंटीला अडकवला आणि ठरवलं, की मरायच्या आधी एक पडलेली पेटी आपल्या डोळ्यानं पाहायची, हातात घ्यायची. बस. त्यांना बाकी काही नको होतं.

पण शोधणार कशी? आभाळातून पडलेली पेटी शोधायची म्हणजे गवताच्या गंजीत सुई. ती सापडायचा एकच रस्ता होता, ती बोलत असते तोवर तिचं ऐकणं. खाली पडल्यावरही तिची बॅटरी काही तास जिवंत राहते. म्हणजे रेडिओ पाहिजे, आणि तोही हातात धरून फिरवता येईल असा.

तो रेडिओ प्रशिकच्या टेबलाच्या खणात निघाला. प्रशिक म्हणजे त्यांचा मुलगा, पुण्यात नोकरीला. कॉलेजात असताना त्यानं टीव्ही पाहायला एक डोंगल घेतला होता, पेनड्राइव्हसारखा, स्वस्तातला, बोटभर लांब. फोनवर बाप विचारू लागला तेव्हा तोच म्हणाला, बाबा, तो मोबाइलला लावून त्यात एक सॉफ्टवेअर टाकलं की तो टीव्हीचा राहत नाही, पाहिजे त्या लहरीचा रेडिओ होतो. पेटी कोणत्या लहरीवर बोलते ते नागसेनांना झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. त्यांनी जुन्या टीव्ही अँटेनाच्या ॲल्युमिनियमच्या कांड्या कापून, लाकडी दांडीवर ठोकून एक एरियल बनवलं. ते ज्या दिशेला धरावं तिकडचा आवाज मोठा येतो, बाकीचा दबतो.

मे महिन्यातली पहाट. नागसेन नागपूरच्या प्रताप नगरातल्या आपल्या घराच्या गच्चीवर उभे. सोनेगावच्या वेधशाळेच्या बाजूनं पांढरा फुगा वर आला आणि मोबाइलमधून रातकिड्यासारखी किरकिर सुरू झाली. नागसेन एकटेच हसले. नोकरीत हाच आवाज मोठ्या यंत्रातून रोज ऐकला होता, पण तो खात्याचा होता. हा त्यांचा स्वतःचा होता.

आनंद फार टिकला नाही. एक तर आवाजात कचरा फार. आजूबाजूचे कूलर, इन्व्हर्टर, जिन्यातले एलईडी दिवे, सगळेच या रेडिओच्या कानात ओरडत. आणि दुसरं म्हणजे उन्हं चढली तसा डोंगल तापला. तापला की त्याचा सूर सरकतो. पेटी बोलते एकीकडे आणि हा ऐकतो दुसरीकडे. अन् पेटी तर पडणार होती उन्हातच. वर नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागलेला. नागपूरचं नवतप्यातलं ऊन ज्यानं खाल्लं नाही त्याला ते सांगून कळत नाही.

नागसेनांनी डोंगलचं प्लास्टिकचं कवच काढून टाकलं, आतल्या चिपेवर तांब्याची पट्टी चिकटवली, आणि सगळं एका फरसाणाच्या पत्र्याच्या डब्यात बसवलं. पत्र्यानं कचरा थांबला, आवाज स्वच्छ झाला. पण डबा उन्हात असा तापला की त्याच्यावर भाकर भाजून घ्यावी. सूर पुन्हा सरकला. मग त्यांनी डोकं लढवलं, डबा फेकला आणि एक लहान माठ आणला. मातीला ऊन लागत नाही. डोंगल कापडात गुंडाळून माठात ठेवला, वायर तोंडातून बाहेर काढली, वर झाकणी ठेवली. दोन दिवस बरं चाललं. आवाजात कचरा होता, पण सूर जागेवर राहिला.

तिसऱ्या दिवशी नागसेन गच्चीवर गेले तर माठ पाण्यानं काठोकाठ भरलेला, आणि काठावर एक साळुंकी बसून पाणी पीत होती.

पाणी कोणी टाकलं हे विचारायची गरजच नव्हती. जयवंताबाई दर उन्हाळ्यात गच्चीवर पाखरांसाठी पाणी ठेवत. नागपुरात घरोघरी ठेवतात. त्यांना गच्चीवर कोरडा माठ दिसला, वर झाकणी होती ती त्यांनी बाजूला केली आणि दोन तांबे ओतून दिले. आत काय आहे ते वाकून पाहिलंही नाही. माठात काय असणार?

नागसेन ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खाली आले, ओला डोंगल वर्तमानपत्रावर ठेवला आणि त्याच्यासमोर बसून राहिले. जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणाले. डोंगल वाळवून लावून पाहिला, गेला तो गेलाच होता. दुपार अशीच गेली. जयवंताबाईंना आधी वाईट वाटलं, मग त्या वाईटाचा राग झाला. त्या म्हणाल्या, गच्चीवर माठ कशासाठी असते, रेडिओ ठेवासाठी असते काय? मग त्या त्यांच्या समोर येऊन बसल्या आणि विचारलं, की इतकं काय ऐकाचं हाय तुमाले त्या फुग्याचं, सांगा तरी एकदा.

"तुया मायनं इचारलं होतं," नागसेन म्हणाले. "तो पडते कुठी म्हनून. मले सांगता नाई आलं वं. आन् मंग भैय्याजीनंही इचारलं, एक तरी वापस आला काय. त्यालेही सांगता नाई आलं. उभी नोकरी केली मी, आन् शेवट कुठी होते तेच नाई पाह्यलं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याला खाप्याचं हसणं इतकं लागलेलं आहे हे जयवंताबाईंना त्या दिवशी कळलं. आपणही त्या मांडवात गालातल्या गालात हसलो होतो, हेही त्यांना आठवलं. त्या उठल्या, स्टुलावर चढल्या आणि माळ्यावरून एक पितळी डबा काढून आणला. घट्ट झाकणाचा, आतून कल्हई केलेला, बाहेर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेला, तुळसाबाई. आईनं लग्नात दिलेला.

"माय उन्हाळ्यात याच्यात लोणी ठेवे," त्या म्हणाल्या. "माठात ओली रेती टाके आन् रेतीत हा डबा गाडे. लोण्याले पाणी लागत नोतं, आन् पघळतही नोतं. मी पाणी टाकलं ते काही चुकलं नाई. तुमी डबा नाई ठेवला ते चुकलं."

नागसेन डब्याकडे पाहत राहिले. मग ते हळूच म्हणाले, की वायर काढायला याला भोक पाडावं लागेल. जयवंताबाई म्हणाल्या, पाडा. नागसेनांनी परत विचारलं, मायचा डबा आहे. त्या म्हणाल्या, मायनंच इचारलं होतं नं? पाडा मंग. आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी पोळ्या लाटायला घेतल्या. त्या दिवशी नागसेन दोन घास जास्तच जेवले.

पुण्याहून प्रशिकनं नवा डोंगल पाठवला. काम करताना नागसेनांना पितळी डब्याची खरी किंमत कळली. स्टीलवर डाग धरत नाही, जोडायचं सोल्डर घसरून जातं. पण कल्हई म्हणजे कथीलच, आणि सोल्डरही कथिलाचं. आतल्या कल्हईवर ते असं बसलं की जणू घरचंच. डोंगलची जमीन, म्हणजे अर्थिंग, त्यांनी डब्याच्या तळाला जोडली, तांब्याची पट्टी डब्याच्या भिंतीला टेकवली म्हणजे उष्णता पितळेत उतरेल, तुळसाबाई हे नाव वाचवून दुसऱ्या अंगाला एकच बारीक भोक पाडून वायर काढली आणि भोक मेणानं बुजवलं. डबा माठात, भोवती ओली रेती. भर दुपारी गच्चीवर ठेवून पाहिला. सूर तसूभर सरकला नाही. कूलरचा कचराही नाही. जयवंताबाईंनी स्वतःच्या हातानं रेतीवर पाणी शिंपडलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. नवरा हसला.

मग ते वाऱ्याची वाट पाहू लागले. फुगा एरवी पूर्वेला भंडाऱ्याकडे वाहत जातो आणि हाती लागत नाही. पण उन्हाळ्याच्या शेवटी वरचा वारा मरतो, आणि खूप उंचावर तर उलटा फिरतो. मग फुगा गेलेला परत येतो. असा दिवस नवतपा सरता सरता आला. पहाटे सोडलेला फुगा आधी पूर्वेला सरकला, मग वर जाऊन मागे वळला, आणि नागसेनांच्या हातातलं एरियल हळूहळू उत्तरेला वळत गेलं. किरकिर बारीक झाली, तरी थांबली नाही.

"सावनेरच्या अंगाले उतरून राहिला," नागसेन म्हणाले. तोवर जयवंताबाईंनी चपला घातल्या होत्या.

आता ही वरात पाहण्यासारखी होती. पुढे नागसेन स्कूटर चालवतात, मागे जयवंताबाई मांडीवर माठ घेऊन बसलेल्या, माठातून वायर निघालेली, कानात हेडफोन, आणि हातात कांड्यांचं एरियल. वाटेत लोक वळून पाहत. एका सिग्नलवर शेजारच्या ऑटोवाल्यानं विचारलं, मावशी, काय विकून राहिले. जयवंताबाई म्हणाल्या, लोणी. तो बिचारा पुढे काही बोलला नाही.

मधे मधे झाडाखाली थांबायचं, हेडफोन लावून नागसेनांनी एरियल चहूकडे फिरवायचं आणि मोठा आवाज कुठून येतो ते पाहायचं. गॅसच्या खोलीतल्या मशिनींनी नागसेनांचे कान जरा मंद झालेले. बारीक आवाज जयवंताबाईंनाच लवकर लागे. दोन-तीन थांब्यांनंतर एरियल त्यांच्याच हातात राहिलं आणि नागसेन नुसते स्कूटर हाकू लागले. खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे पडल्या. ऊन कडक झालं. रेतीवर शिंपडायला आणलेल्या बाटलीतलं पाणी अर्धं माठानं प्यायलं, अर्धं यांनी. आवाज मोठा होत होता, आणि तो सरळ खाप्याकडे नेत होता.

"माया माहेरीच चालला की हो," जयवंताबाई म्हणाल्या.

गावाच्या अलीकडे, नदीच्या वाटेला, किरकिर एवढी वाढली की एरियल कुठेही धरलं तरी तीच. नागसेनांनी स्कूटर लावली. धुऱ्यावर, शेताच्या बांधाला, एक जुनं कडुलिंबाचं झाड होतं. त्याच्या शेंड्याला केशरी पॅराशूट अडकलेलं, आणि त्याखाली पांढरी पेटी हलकेच झुलत होती. नागसेन खाली उभे राहून वर पाहत राहिले. त्यांनी डोळे पुसले, पुन्हा पाहिलं. नोकरीभर त्यांनी पेटी वर जातानाच पाहिली होती. वरून आलेली पाहायची ही पहिली वेळ. पण ती होती दोन पुरुष उंचावर. हात पोचेना. दगड मारायला त्यांचं मन होईना, आणि झाडावर चढायचं वय राहिलं नव्हतं.

"आकडी पाहिजेन," जयवंताबाई म्हणाल्या. "भैय्याजीच्या बगीच्यात हाय, आंबे उतरवाची."

बगीचा समोरच दिसत होता. नागसेन एकदा झाडाकडे पाहत, एकदा बगीच्याकडे. इतक्या वर्षांचा रुसवा असा भर उन्हात, एका आकडीसाठी सोडायचा? जयवंताबाईंनी काही म्हटलं नाही, माठ कमरेवर घेतला आणि चालायला लागल्या. नागसेन मागून गेले.

भैय्याजी पाण्याच्या मोटारीच्या खोलीबाहेर बाजेवर पडले होते. बहीण आणि जवाई असे अचानक, तेही बगीच्यात, तेही कमरेवर माठ घेऊन आलेले पाहून ते उठूनच बसले. जय भीम झाला, पाणी झालं. ते माठाकडे पाहत होते, पण विचारायचं कसं ते त्यांना सुचत नव्हतं. नागसेनांनी एवढंच म्हटलं, की एक वस्तू झाडाला अडकली आहे, आकडी पाहिजे. भैय्याजींनी आतल्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

नागसेन खोलीत शिरले. आत अंधार, डोळ्यांना काही वेळ काही दिसेना. मग कोपऱ्यातली आकडी दिसली. आणि आकडीच्या वर, आढ्याच्या बल्लीला दोरीनं लटकवलेली, धुरानं आणि धुळीनं तपकिरी झालेली एक थर्माकोलची पेटी दिसली. वर खात्याच्या नावाचा कागद असतो, तो बगीच्यात पडली होती तेव्हाच उन्हापावसात गेलेला. आत तंबाखूची पुडी, आगपेटी, फ्यूजची तार.

भैय्याजी मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी नेहमीच्या उत्साहात सुरुवात केली, की हेच ते विमानाचं सामान, मी सांगत नोतो काय, प्रशिक झाला त्या साली पडलं, गावातले सगळे पाहून गेले, तुमीच तेवढे आले नाही. नागसेनांचं लक्ष नव्हतं. पेटीच्या वरच्या अंगाला, जिथे तिची मूळची दोरी जोडलेली होती, तिथे त्यांनी बोट ठेवलं होतं.

जयवंताबाईंनी माठ खाली ठेवला आणि जवळ येऊन पाहिलं. चपटी, बारीक गाठ. दोन्ही टोकं एकाच बाजूला वळलेली. ती ओळखायला त्यांना उजेडाची गरज नव्हती. तिनं त्यांची नखं मोडली होती.

"भैय्याजी," त्या म्हणाल्या, "हे इमानाचं नाई. हे यायनं सोडलेली हाय. हे गाठ यायची हाय. माया घरी अशा गाठी पाह्यजा तितक्या दाखवतो तुले." आणि मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "काखेत कळसा आन् गावाले वळसा. इतके वर्स इथीच होती नं, तुमीच आले नाई."

नागसेनांना रडू आलं. लपवावं असंही त्यांना वाटलं नाही. इतकी वर्षं ज्याचा पत्ता नव्हता ते सासुरवाडीच्या बल्लीला लटकत होतं, आणि आपण ओसरीवर बसून पुढच्या खेपेला म्हणत राहिलो, याचं हसूही येत होतं. तुळसाबाई असती तर आत्ता पदर तोंडाला लावून उभी राहिली असती, असं त्यांच्या मनात आलं.

भैय्याजींनी पेटीतून तंबाखू काढली, आगपेटी काढली, तार काढली, आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पेटी आतून बाहेरून पुसली. ती बल्लीवरून सोडवायला ते हात वर करू लागले, तर नागसेनांनी त्यांचा हात धरला.

"राहू द्या भैय्याजी. चांगली जागा हाय तिची."

भैय्याजींनी मान हलवली. मग आकडी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि दोघांच्या पुढे उन्हात निघाले. धुऱ्यावर गोपाळराव भेटले, शेजारच्या वावराचे. भरदुपारी आकडी घेऊन कुठी निघाले, असं त्यांनी विचारलं. भैय्याजी थांबले, आणि लग्नाच्या मांडवात बोलले होते तितक्याच मोठ्यानं बोलले.

"आमच्या जवायाचा फुगा वापस आला हाय," ते म्हणाले. "उतरवाले चाललो."